'रोक्क' म्हणजे आपलीच 'रोख' का? बाजारातले पैशाचे शब्द

वेणुग्रामी

बेळगावात रविवार पेठेत नाहीतर मार्केट यार्डात तासभर उभं राहिलं की पैशाला किती नावं आहेत ते कळतं. मराठी गिऱ्हाईक 'पैसे' म्हणतं. बैलहोंगल-सौंदत्तीकडचा शेतकरी 'रोक्क' म्हणतो. बेंगळुरूहून बदलून आलेला साहेब 'दुड्डु' म्हणतो, गोव्याहून खरेदीला आलेली मंडळी आपसात 'दुडू' म्हणतात, आणि सरकारी कन्नड कागदावर असतं 'हण'. पाचही जण देतात तीच शंभराची नोट.

माझा प्रश्न यातल्या 'रोक्क'बद्दल आहे. हा उत्तर कर्नाटकाचा ठसा असलेला शब्द. म्हैसूर-बेंगळुरूकडे कुणी 'रोक्क' म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, हुबळी-धारवाडकडचे की बेळगावचे? आमच्याकडे सरसकट समज असा, की हे आपलं मराठी 'रोख', पेशवाईत तिकडे गेलं आणि तिथलंच झालं. एका कन्नड सहकाऱ्याचं म्हणणं नेमकं उलटं, की मराठीनंच ते कन्नडमधून उचललं. दोघांकडेही 'असं म्हणतात' यापलीकडे पुरावा नाही. जाणकारांनी सांगावं.

गल्ल्यावरचा

आमचंच की गा, त्यात काय विचारायचं! दुकानात दिवसभर हेच चाललेलं असतंय. समोर कन्नड गिऱ्हाईक असलं की आम्ही विचारतो, "रोक्क कोडतीरेनु, उद्रि बरिलेनु?" रोख देताय, का उधारीवर लिहू? आता उद्रि म्हणजे उधारी, आणि रोक्क म्हणजे रोख. दोन्ही आपलीच. आणखी पुरावा कशाला पायजे?

निपाणीची_लेक

तसं असेल तर कन्नड दुकानातल्या पाटीवर 'इंदु नगदु, नाळे उद्रि' असतं, त्यातलं 'नगदु' कुणाचं म्हणायचं? ते ना तुमचं ना त्यांचं. अरबी 'नक्द'. तेच पेशव्यांच्या कागदांत 'नख्त' होऊन बसलं आहे.

कोशवेडा

वेणुग्रामी, प्रश्न चांगला आहे. पण 'मराठीतून कन्नडमध्ये की कन्नडमधून मराठीत' हे दोनच पर्याय धरले की गाडी घाटात अडकते. आधी हा शब्द आणखी कुठे कुठे आहे ते बघू.

हिंदीत रोकड, रोकडिया (म्हणजे खजिनदार), रोकड-बही. गुजरातीत रोकडा. मराठीत रोख आणि रोकड दोन्ही. कन्नडमध्ये रोक्क. तेलुगूत रोक्कमु, तमिळ आणि मल्याळममध्ये रोक्कम्, अर्थ सगळीकडे हातात पडलेला पैसा. गुजरातपासून केरळपर्यंत एकच शब्द आहे. म्हणजे बेळगाव-धारवाडच्या सीमेवरची ही देवाणघेवाण नाही, प्रकरण बरंच मोठं आहे.

आता मूळ कुठलं? इथे तमिळ कामाला येते. तमिळच्या जुन्या व्याकरणाप्रमाणे शब्दाची सुरुवात 'र'नं होत नाही. बाहेरून 'र'वाला शब्द आला की पुढे एक स्वर चिकटवायचा, ही त्यांची जुनी रीत. राजाचा 'अरसन्' होतो, रुपयाला जुन्या लिखाणात 'उरूपाय्' लिहिलेलं सापडतं. तेव्हा 'रोक्कम्' हा तमिळचा जन्मजात शब्द नव्हे, तो उत्तरेकडून गेलेला. संस्कृत कोशांत 'रोक' आहे आणि संस्कृत-इंग्रजी कोशकार मोनियर विल्यम्सनं त्याचा अर्थ रोख देऊन केलेली खरेदी असा दिला आहे. सोबत खूण अशी, की हा अर्थ फक्त कोशकारांनी नोंदवलेला आहे. माझ्या मते हा व्यापाऱ्यांच्या बोलीतला शब्द. तो बाजारात रुळल्यावर कोशकारांनी टिपून घेतला असावा.

तर सहकाऱ्यांचा मुद्दा टिकत नाही. पण 'पेशवाईत तिकडे गेला' हेही मला पटत नाही.

गल्ल्यावरचा

का पटत नाही? तंजावरपर्यंत आपलं राज्य होतं की.

कोशवेडा

होतं. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत, आणि दफ्तरही मोडीत. त्याशिवाय दक्षिणेतल्या कितीतरी दरबारांत हिशेबनीस मराठी होते. त्यामुळे मराठीनं या शब्दाला दक्षिणेत हात दिला नसेल असं मी म्हणत नाही. पण रूप बघा. मराठीत 'ख', बाकी सगळीकडे 'क'. गुजराती रोकडा, हिंदी रोकड, आणि आपल्याच 'रोकड'मध्येसुद्धा 'क'. संतांच्या मराठीतही 'रोकडा' आहे, 'प्रत्यक्ष, ताबडतोब' या अर्थानं. म्हणजे 'क'चं रूप जुनं, 'रोख' नंतरचं. कन्नड-तेलुगू-तमिळमध्ये जोड 'क्क' आहे, तो या जुन्या रूपाशी जुळतो. गुजराती, मारवाडी, कोमटी, मराठी, सगळे व्यापारी दक्षिणेत जात होते. वाट एकच होती असं मानायचं कारण नाही.

मलप्रभा_काठ

माझी मातृभाषा कन्नड, शिक्षण खानापुरात मराठी माध्यमात. त्यामुळे दोन्हीकडून बोलायची सवय आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

शब्द कुठून आला यापेक्षा तो आमच्याकडे येऊन काय झाला ते मला मजेशीर वाटतं. मराठीत 'रोख' म्हणजे हातातला पैसा. उधारीच्या विरुद्ध, चेकच्या विरुद्ध. आमच्या कन्नडमध्ये 'रोक्क' म्हणजे नुसता पैसा, कुठलाही. "ब्यांकिन्याग रोक्क इट्टीनि", बँकेत पैसे ठेवलेत. "आवन हत्तर भाळ रोक्क ऐति", त्याच्याकडे खूप पैसा आहे, आणि त्यात त्याचं शेत, घर, प्लॉट सगळं आलं. परवा एक आजोबा भाजीवालीला म्हणत होते, "फोनपेदाग रोक्क हाक्तीनि". शब्दाला शब्द ठेवून मराठी केलं तर 'फोनपेमध्ये रोख टाकतो' असं होतं. मराठी कानाला हे हसू आणणारं आहे, कन्नड कानाला त्यात काहीच खटकत नाही.

आणि मग खरोखरची रोख सांगायची झाली तर? तिथे 'नगदु' किंवा सरळ 'क्याश'. म्हणून पाटीवर 'नगदु' असतं, बोलण्यात 'रोक्क'. गल्ल्यावरचा यांनी दिलेल्या वाक्यात समोर 'उद्रि' आहे म्हणून 'रोक्क'चा अर्थ रोख लागतो. एकट्या 'रोक्क'चा लागत नाही.

वेणुग्रामी

हे मस्त. आमच्या घरी उलटा प्रकार होतो. कन्नड शेजाऱ्यांच्या संगतीनं आजी मराठीत बोलतानाही "रोख किती लागतंय लग्नाला?" विचारते, एकूण खर्च या अर्थानं. पुण्याचे पाहुणे गोंधळतात.

पेठेतला_पुणेकर

आम्ही गोंधळतो ते 'खरं'मुळे. "येतो खरं, वेळ लागंल." यात खरं काय आणि खोटं काय हे कळायला एक दिवाळी गेली. ते 'पण' आहे हे कुणी सांगायला नको का?

असो, मुद्द्याचं. मराठीत 'रोख' हा एकच शब्द नाही. "त्याच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता" यातला रोख कुठला? आणि 'रोखे बाजार', 'कर्जरोखे' यांतला? ही सगळी एकाच घरची मंडळी का?

कोशवेडा

नाहीत, आणि हे लोकांना सांगितलं की दचकतात.

बोलण्याचा रोख म्हणजे फारसी 'रुख', चेहरा, दिशा. हिंदीत 'हवा का रुख' म्हणतात तोच. कर्जरोखा मात्र अरबी 'रुक्आ'वरून. रुक्आ म्हणजे कागदाचा तुकडा, चिठ्ठी. हिंदी-उर्दूत त्याचा 'रुक्का' झाला, मराठीत 'रोखा'. सावकारानं लिहून घेतलेली चिठ्ठी तो रोखा, आणि सरकारनं लिहून दिलेला कर्जाचा कागद तोही रोखाच. रोख पैशाशी त्याचं रक्ताचं नातं नाही. उलट रोखा लिहायची वेळ येते तीच मुळी रोख नसते म्हणून! आणि अडवणं या अर्थाचं 'रोखणे' आणखी निराळं, ते हिंदी 'रोकना'च्या घरातलं.

चार वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसं मराठीत एकाच आडनावानं राहतायत. माझा कयास असा, की रोकडच्या 'क'चा 'ख' झाला तो या शेजाऱ्यांच्या सहवासानं. सिद्ध करता येणार नाही, पण दुसरं कारण मला सुचत नाही.

निपाणीची_लेक

इंग्रजीतही हीच गंमत आहे. 'कॅश' हे दोन वेगळे शब्द आहेत. आज आपण वापरतो तो फ्रेंच 'केस' आणि इटालियन 'कास्सा'वरून आलेला, अर्थ पेटी. आधी पैशाची पेटी, मग पेटीतला पैसा. आपल्या गल्ल्याचाही अर्थ असाच सरकला आहे. "आज गल्ला किती झाला?" असं विचारतो तेव्हा आपण पेटी थोडीच मोजतो! आणि हा गल्ला म्हणजे मुळात अरबीतलं धान्य, पीक. हिंदीत अजून 'गल्ला मंडी' म्हणजे धान्याचा बाजार.

दुसरा 'कॅश' आपल्या दक्षिणेतला. तमिळ-कन्नड 'कासु', म्हणजे बारीक नाणं. पोर्तुगीजांनी त्याचं 'काइशा' केलं, इंग्रजांनी 'कॅश'. मद्रासला कंपनी सरकार याच नाण्यांत हिशेब ठेवायचं. 80 कॅश म्हणजे 1 फॅनम, 42 फॅनम म्हणजे 1 पॅगोडा. 1818 साली तिथे रुपया आला आणि हा हिशेब संपला. पुढे इंग्रजांनी चीनच्या भोकवाल्या तांब्याच्या नाण्यांनाही हेच 'कॅश' नाव लावलं.

माझे आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहायचे. त्यांच्या तोंडी 'एक कासू नाही' असं यायचं, आणि 'कॅश' हा शब्द कासूवरूनच आला असं ते ठासून सांगायचे.

कोशवेडा

आजोबांचं म्हणणं निम्म्या 'कॅश'पुरतं बरोबर. मद्रासच्या कॅशला लागू, बँकेच्या कॅशला नाही.

फॅनम आणि पॅगोडावरही बोलायला हवं, कारण ते दोघं आपल्या अंगणातले आहेत. फॅनम म्हणजे तमिळ 'पणम्'. त्याचंच कन्नड 'हण'. कन्नडमध्ये साधारण दहाव्या शतकानंतर शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा हळूहळू 'ह' होत गेला. तमिळ पाल् (दूध), कन्नड हालु. तमिळ पळ्ळि, कन्नड हळ्ळि. बेळगाव जिल्ह्यातल्या गावांच्या नावांतली 'हळ्ळी' म्हणजे हीच 'पळ्ळी'. तसाच पण, हण. संस्कृतात 'पण' म्हणजे नाणं, अर्थशास्त्रात दंड पणांतच सांगितले आहेत. त्याच धातूवरून पण्य, विपणन आणि आपलं 'पणन'. बाजार समितीच्या फाटकावरचं 'कृषी पणन' आणि आतल्या कन्नड पावतीवरचं 'हण' ही सख्खी भावंडं. 'पणाला लावणे'ही त्यातलंच.

पॅगोडा म्हणजे वराह हे सोन्याचं नाणं, म्हणजेच आपला होन.

गल्ल्यावरचा

होन तरी आपला म्हणायचा का नाही? महाराजांनी पाडलाय तो.

मलप्रभा_काठ

नाणं महाराजांचं, शब्द आमचा. 😊

कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोनं. तमिळ आणि मल्याळममध्ये अजून 'पोन्'. आदिकवी पंपाच्या काळच्या, म्हणजे दहाव्या शतकातल्या कन्नडमध्येही 'पोन्'च होतं. मराठीत मात्र 'पोन' कधीच आलं नाही, थेट 'होन' आलं. म्हणजे कन्नडमध्ये 'प'चा 'ह' झाल्यानंतरच मराठीनं हा शब्द घेतला, आणि घेतला तो कन्नडकडूनच, तमिळकडून नाही. शब्दावरच तारीख आणि पत्ता दोन्ही लिहिलेले आहेत.

कोशवेडा

अगदी चोख. आणि अर्थाचा प्रवास 'रोक्क'च्या उलटा. रोक्क पसरला, रोखीपासून सगळ्या पैशापर्यंत. होन आखडला, सगळ्या सोन्यापासून एका नाण्यापर्यंत. मराठीत 'गळ्यात दोन तोळे होन आहे' असं कुणी म्हणत नाही.

1674 ला राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर पाडलेला शिवराई होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. अक्षरं नागरी, भाषा संस्कृत, आणि नाण्याचं नाव कानडी. त्याच दरबारात फारसी शब्द काढून संस्कृत शब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला, पण होनाचं नाव होनच राहिलं. बाजारानं एकदा स्वीकारलेलं नाव दरबाराला बदलता येत नाही, निदान सहजी नाही.

सीमेवरचा_वाघ

म्हणजे शेवटी सगळं कानडीच का? 1956 पासून आम्ही काय उगीच

नियामक

वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे, पुढचा मजकूर काढला. सीमाप्रश्नाचे धागे वेगळे आहेत, तिथे अवश्य लिहा. इथे पैशाचे शब्द.

हुक्केरीमास्तर

वाघसाहेबांनी रागावू नये, हिशेब बराचसा बरोबरीचा आहे. उत्तर कर्नाटकात महिन्याच्या मिळकतीला 'पगार' म्हणतात. म्हैसूरकडे 'संबळ'. हा पगार मराठीतूनच इकडे आला. पण मराठीनं तो पोर्तुगीजांकडून घेतला होता, 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. 'लिलाव'ही त्यांचाच. म्हणजे आपण दिलं ते तरी आपलं कुठं होतं!

'शिल्लक'चं कन्नडमध्ये 'शिल्कु'. जमा, खर्च, बाकी, वसूल हे दोन्हीकडे सारखेच, आणि दोघांनीही अरबी-फारसीतून घेतलेले. संकेश्वरच्या जुन्या मिरची व्यापाऱ्यांची कीर्द बघितली आहे मी. लिपी मोडी, पानाच्या माथ्यावर 'श्री', डावीकडे जमा, उजवीकडे नावे, गिऱ्हाइकांची नावं निम्मी कन्नड. असं एक पान समोर ठेवलं तर ते कुठल्या भाषेतलं म्हणायचं हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडला नसणार.

निपाणीची_लेक

'चिल्लर' राहिलं की. तमिळ 'चिल्लरै', कन्नड 'चिल्लरे', तेलुगू 'चिल्लर'. तमिळमध्ये 'चिल' म्हणजे थोडे. हा शब्द दक्षिणेतून वर आला. म्हणजे रोख खाली गेली आणि चिल्लर वर आली, आणि दोघांची गाठ पडली ती आपल्या गल्ल्यात.

मराठीत मात्र आपण त्याला तिरस्काराची छटा दिली. 'चिल्लर माणूस', 'चिल्लर गोष्टी'. कन्नडमध्येही 'चिल्लरे बुद्धी' म्हणतात ना?

मलप्रभा_काठ

म्हणतात, आणि अगदी त्याच सुरात.

पेठेतला_पुणेकर

मग 'दुड्डु'? तो डच 'दुइट'वरून आला असं वाचलंय. डचांचं तांब्याचं नाणं. वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती, तिथून घाट चढला की बेळगाव. जुळतंय की.

कोशवेडा

जुळतंय म्हणूनच सावध राहा. तमिळमधला 'तुट्टु' दुइटवरून आला असं म्हणणारे आहेत, आणि तिकडे नागपट्टणमला डच होते हेही खरं. पण वेंगुर्ला जवळ आहे एवढ्यावरून कन्नड 'दुड्डु' घाटातून वर चढवता येत नाही. हा शब्द कोकणीत 'दुडू', तेलुगूतही 'दुड्डु', आणि कन्नडमध्ये तो सगळ्यात घट्ट रुजलाय तो जुन्या म्हैसूरकडे, वेंगुर्ल्यापासून लांब. बेळगावात, म्हणजे घाटाच्या माथ्यावर, चालतो 'रोक्क'. तुमची वाट बरोबर असती तर उलटं दिसायला हवं होतं.

पेठेतला_पुणेकर

पण डच गोव्याच्या आसपास, कारवारकडे सगळीकडे व्यापार करत होतेच ना? कोकणीत 'दुडू' आहे म्हणजे किनाऱ्यानं गेला असेल. तुमचा आक्षेप घाटापुरता आहे, किनाऱ्याला लागू नाही.

कोशवेडा

किनाऱ्याचं मान्य. तरी डचांच्या कंपनीनं स्वतःच्या चिन्हाची दुइट पाडायला सुरुवात केली ती 1726 च्या सुमाराला. त्याआधीच्या कन्नड लिखाणात 'दुड्डु' मिळाला तर तुमचा तर्क बराच लंगडा होईल, नाही मिळाला तर माझा. शोधा, मीही शोधतो.

मलप्रभा_काठ

तोवर म्हण घ्या: 'दुड्डे दोड्डप्प'. पैसा हाच थोरला काका. उत्तर कर्नाटकातसुद्धा म्हण म्हणताना 'दुड्डु'च म्हणतात, कारण 'रोक्क दोड्डप्प' जमत नाही. दुसरी: 'हण कंडरे हेणनू बायि बिडुत्ते'. पैसा दिसला की मढंही तोंड उघडतं. तिथेही हण आणि हेण यांचं यमक असल्यामुळे रोक्काला जागा नाही. बोलण्यात रोक्क, म्हणीत दुड्डु आणि हण.

गल्ल्यावरचा

आपल्याकडं बी तसंच. 'दाम करी काम' म्हणतो, खरं दुकानात दाम कोण म्हणतंय?

कोशवेडा

आणि तो दाम तर ग्रीकांचा. द्राख्मा, त्याचं संस्कृत 'द्रम्म', त्याचा दाम. अकबराच्या वेळी 40 दाम म्हणजे 1 रुपया.

निपाणीची_लेक

ढब्बू! तेलुगूत पैशाला 'डब्बु' म्हणतात. आपल्याकडे 'ढब्बू पैसा' म्हणजे जाड, दोन पैशांचं तांब्याचं नाणं. ढब्बू मिरची त्याच जाडेपणावरून असणार. हैदराबादची मैत्रीण घरी आली होती. आई तिला म्हणाली, "ढब्बूची भाजी आवडते ना?" तिला वाटलं, पैशाची भाजी!

हुक्केरीमास्तर

रुपया-पैशावर कुणीच बोललं नाही. थोडक्यात सांगतो. 'रूप' म्हणजे ठसा, 'रूप्य' म्हणजे ठसा उमटवलेलं. पाणिनीचं सूत्रच आहे, 'रूपादाहतप्रशंसयोर्यप्'. शेरशहानं सोळाव्या शतकात चांदीचा रुपया पाडला तेव्हा नाव जुनंच होतं. 1 एप्रिल 1957 ला 64 पैशांच्या रुपयाचे 100 नवे पैसे झाले, आणि 1 जून 1964 पासून त्यातला 'नवा' गेला. आणा कायद्यातून गेला, पण तोंडातून गेला नाही. आमच्याकडे वयस्कर माणसं अजून आठ आण्यांना 'एंटाणे' म्हणतात, आणि गोष्ट खात्रीची असली की मराठीत आपण 'सोळा आणे' म्हणतो.

शंभराची नोट हातात असेल तर उलटी करून मागची पट्टी वाचा. पंधरा भाषा आहेत, इंग्रजी वर्णक्रमानं लावलेल्या. वरून चौथी कन्नड, सहावी कोकणी, आठवी मराठी. कन्नड, कोकणी, मराठीत रुपयाचंच रूप, पण पहिल्या दोन ओळी, आसामी आणि बंगाली, तिथे 'टका'. तो 'टंक' या जुन्या नाण्याच्या नावावरून. आपल्याकडे टंक टांकसाळीत उरला आणि 'टक्का' होऊन शेकड्याच्या हिशेबात शिरला.

वेणुग्रामी

धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं एवढं निघेल. सहकाऱ्यांना सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. 'रोक्क' उत्तरेकडून आला हे त्यांनी मान्य केलं, पण 'होन' आमचा हे वाक्य लिहून घेतलं आणि दुपारच्या चहाला दोनदा म्हणून दाखवलं.

एक शेवटचं. चेक 'वटला' म्हणतो त्यातलं वटणं काय?

निपाणीची_लेक

हे सराफकट्ट्यावरचं. पूर्वी एका बाजारात दहा टांकसाळींचे रुपये चालायचे. कुणाची चांदी हलकी, कुणाचं नाणं झिजलेलं. सराफ नाणं वाजवून, घासून बघायचा आणि ठरलेल्या दरानं कापून दुसरं द्यायचा. ती कपात म्हणजे वटाव किंवा बट्टा, कन्नडमध्ये 'वट्ट'. नाणं बदलून घेणं म्हणजे वटवणं. हुंडी वटवायची ती याच अर्थानं, आणि हुंडीच्या जागी चेक आला तेव्हा क्रियापद तसंच राहिलं. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तोही नाण्याचाच बट्टा. दर्शनी किमतीला घेत नाहीत, कमी करून घेतात.

गल्ल्यावरचा

आमच्यात फाटक्या नोटा बदलून देणारे अजून आहेत बाजारात, शंभराला दहा-वीस कापून. त्याला बी वटावच म्हणत्यात. मास्तर, आता 'सावकार'चा धागा काढा. आमच्या गल्लीत कर्ज देणाऱ्याला बी सावकार म्हणत्यात आणि चार एकर ऊस असलेल्याला बी.

हुक्केरीमास्तर

काढतो. त्यात 'बड्डी'ही घेऊ, व्याजाला कन्नडमध्ये बड्डी म्हणतात, मूळ संस्कृत 'वृद्धि'. मलप्रभा_काठ यांनी तिकडच्या म्हणी आणाव्यात, कोशवेडा यांनी 1726 आधीचा 'दुड्डु' शोधून इथेच टाकावा.